बीडचं पाणी जिथं पोचत नाही

बीड जिल्ह्यात पडलेल्या पावसाचा एक थेंबही वाहत वाहत मुंबईच्या समुद्राला मिळत नाही. बिंदुसरा सिंदफणेत जाते, सिंदफणा मंजरथला गोदावरीत. पाटोद्याकडच्या बालाघाटात उगम पावणारी मांजराही मोठं वळण घेऊन शेवटी गोदावरीलाच मिळते. आष्टीकडचं पाणी सीना, भीमा करत कृष्णेला लागतं. आपलं सगळं पाणी पूर्वेकडं, बंगालच्या उपसागरात जातं. माणसांचा ओढा मात्र उलटा. ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीनंतर पश्चिमेला निघतात, शिकलेली पोरं पुण्याला जातात, आणि ज्याचं काम गावात, तालुक्यात, जिल्ह्यात कुठंच होत नाही तो मुंबई गाठतो.

बीडचा माणूस नुसता फिरायला म्हणून मुंबईला गेला, असं मी फार कमी वेळा ऐकलं आहे. तो जातो मंत्रालयात फाइल कुठं अडकली ते बघायला, टाटाला किंवा केईएमला पेशंट घेऊन, पोराला भरतीला सोडायला, नाहीतर मोर्चाला. २९ ऑगस्ट २०२५ला मनोज जरांगे पाटील मराठा आरक्षणासाठी आझाद मैदानावर उपोषणाला बसले तेव्हा बीड-जालन्याकडची हजारो माणसं पाच दिवस दक्षिण मुंबईत होती. पावसात भिजत, गाडीतच झोपत, गावाकडून आलेल्या भाकरी-ठेच्यावर राहत. त्या मैदानापासून मरीन ड्राइव्ह चालत पंधरा-वीस मिनिटांवर. आमच्या गल्लीतली जी पोरं तिथं होती त्यांना परत आल्यावर मी विचारलं, समुद्र बघितला का? काहींनी बघितला होता, मोबाइलमध्ये फोटोही होते. बाकीचे म्हणाले, "बप्पा, ते ध्यानातच नाही आलं."

ते ध्यानात न येणं मला फार लागलं. या लेखाचं मूळ तिथं आहे. मुंबई म्हणजे काम, दुखणं आणि गाऱ्हाणं एवढीच ओळख आपण धरून बसलो आहोत, आणि त्या शहराची सगळ्यात मोठी, सगळ्यात मोकळी आणि फुकट असलेली गोष्ट आपल्या हिशेबात नाही.

याला इतिहासही कारण आहे. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत बीड निजामाच्या राज्यात होतं. हैदराबाद संस्थान चहूबाजूंनी जमिनीनं वेढलेलं. एवढं श्रीमंत राज्य, पण त्याला स्वतःचं एक बंदर नव्हतं. आमच्या आज्या-पणज्यांची राजधानी हैदराबाद. कोर्टकचेरी, शिक्षण, नोकरी, सगळ्यांची नजर तिकडं. मराठवाडा १९५६ साली मुंबई राज्यात आला आणि मुंबई आपली राजधानी झाली, ती कागदावर. घरातल्या बोलण्यात समुद्र कधी आलाच नाही. आमच्या पिढीनं भरपूर पाणी म्हणून पाहिलं ते माजलगावचं धरण. चांगल्या पावसाच्या वर्षी पालीच्या बिंदुसरा तलावाच्या सांडव्यावरून पाणी पडायला लागलं की सगळं बीड शहर तिकडं धावतं, लेकरंबाळं घेऊन, भजी बांधून. पाण्याची ओढ आपल्याला नाही असं कोण म्हणेल?

आणि समुद्रकाठचे लोक मात्र शेकडो वर्षं आपल्याकडं येत आहेत. अंबाजोगाईची योगेश्वरी ही कोकणातल्या अनेक घराण्यांची, विशेषतः चित्पावनांची कुलदेवता. रत्नागिरी, चिपळूण, गुहागरकडचं नवं जोडपं लग्नानंतर अंबाजोगाईला ओटी भरायला येतं. देवीची कथाही कोकणाशी जोडलेली आहे. कोकणातल्या या देवीचं परळीच्या वैजनाथाशी लग्न ठरलं, मुहूर्त टळला, वऱ्हाड दगडाचं झालं आणि देवी कुमारिका म्हणून इथंच राहिली, असं लोक सांगतात. घाट उतरून, नद्या ओलांडून किनाऱ्याची माणसं आपल्या उंबऱ्यापर्यंत आली. आपण त्यांच्याकडं उलटी भेट द्यायला गेलोच नाही.

मुंबईच्या दादर पूर्वेला गाडगे महाराजांच्या मिशनची धर्मशाळा आहे. परळच्या दवाखान्यांत उपचार घेणाऱ्या गोरगरीब पेशंटांना आणि त्यांच्या नातेवाइकांना ती आधार देते. तिच्या दाराशी मला केज तालुक्यातले एक गृहस्थ भेटले. भावाच्या उपचारासाठी कित्येक महिने येऊन-जाऊन होते. त्यांना परळचं सगळं पाठ होतं. कुठल्या खिडकीला कितीला रांग लागते, कुठं स्वस्त जेवण मिळतं, कुठल्या मेडिकलवाल्याकडं सूट मिळते. दादरची चौपाटी तिथून दोन-अडीच किलोमीटर. ती त्यांनी पाहिली नव्हती. "दुखण्यात माणूस समुद्र बघायला गेला तर घरचे काय म्हणतील?" असं ते म्हणाले. मी त्यांना संध्याकाळी घेऊन गेलो. ते वाळूवर उतरले, चपला हातात घेतल्या आणि पाण्याच्या रेषेपासून दहा हात अलीकडं उभे राहिले. बराच वेळ बोलले नाहीत. मग भावाच्या बायकोला फोन लावला आणि म्हणाले, "वहिनी, उद्या त्यालाबी आणावं म्हणतो. रिक्षानं का होईना." दुखण्याच्या माणसाला, आणि त्याच्या उशाशी बसणाऱ्याला तर जास्तच, असा एक तास लागतो. डॉक्टर तो चिठ्ठीवर लिहून देत नाहीत, म्हणून आपण तो घेत नाही.

दादरच्या याच किनाऱ्याशी आपल्या जिल्ह्यातल्या एका मोठ्या समाजाचं नातं मात्र पक्कं आहे. ६ डिसेंबर १९५६ला दिल्लीत बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं आणि ७ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. तिथं आज चैत्यभूमी आहे. दरवर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बीड, गेवराई, माजलगाव, परळी, अंबाजोगाईहून माणसं निघतात. पांढरी लुगडी, पांढरे सदरे, निळे झेंडे, पिशवीत चार दिवसांची भाकरी आणि चटणी. शिवाजी पार्कात मंडप असतात, महापालिका पाण्याची आणि दवाखान्याची सोय करते, आणि पुस्तकांची जी दुकानं लागतात तशी मी दुसऱ्या कुठल्या यात्रेत पाहिली नाहीत. दिवसभर रोजंदारी करणारा माणूस तिथं उभा राहून पुस्तक चाळतो, किंमत विचारतो, गाठीचे पैसे सोडतो आणि ते पुस्तक कपड्यांच्या मधोमध ठेवून गावाकडं नेतो. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांतली पहिली पुस्तकं अशी दादरच्या वाळूला लागून आलेली आहेत.

दर्शनाची रांग संपली की हे लोक समुद्राकडं वळतात. मी पाहिलेली एक आजी आधी हात जोडून उभी राहिली, मग वाकून बोटानं पाणी घेतलं आणि जिभेला लावलं. "खारटच हाय की गं माय," ती नातीला म्हणाली. समुद्राचं पाणी खारट असतं हे तिला आयुष्यभर ठाऊक होतं; त्या दिवशी तिनं ते स्वतः तपासलं. आमच्या जिल्ह्यात समुद्राशी सगळ्यात जुनी आणि मानाची ओळख कुणाची असेल तर ती या भीमसैनिकांची. बाकीच्या समाजांनी ती वाट त्यांच्याकडून शिकायला हरकत नाही.

चैत्यभूमीपासून उत्तरेकडं निघालं की तास-दीड तासाच्या चालीत मुंबई काय आहे ते कळतं. मला वाटतं, सबंध शहरात याहून शिकवणारी वाट नाही. आधी माहीम लागतं. तिथं मखदूम अली माहिमी यांचा दर्गा आहे. चौदाव्या-पंधराव्या शतकातले हे विद्वान सूफी, कुराणावर भाष्य लिहिणारे. डिसेंबरात त्यांचा उरूस भरतो आणि संदलाचा पहिला मान मुंबई पोलिसांचा असतो. खाकी वर्दीतले हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती पोलीस बँड लावून चादर घेऊन जातात. बीडला शहेनशाहवलीच्या दर्ग्यावर सगळ्या जातीची माणसं जाताना पाहिलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. थोडं पुढं सेंट मायकल चर्च. तिथं बुधवारी नोव्हेनासाठी जी गर्दी होते तिच्यात टिकली लावलेल्या बायका ख्रिस्ती बायकांच्या बरोबरीनं मेणबत्त्या घेऊन उभ्या असतात. जवळच शीतलादेवीचं देऊळ. पोराला गोवर-कांजिण्या आल्या की ज्या देवीला आपण नवस बोलतो तीच ही, कोळ्यांच्याही श्रद्धेतली.

मग माहीमचा कॉजवे, माहीम आणि वांद्रे जोडणारा रस्ता. आता त्याच्यावरून गाड्या इतक्या वाहतात की तिथं कधीकाळी नुसतं पाणी होतं यावर विश्वास बसत नाही. पूर्वी ही खाडी होडीनं ओलांडावी लागे आणि पावसाळ्यात माणसं बुडत. कंपनी सरकार पैसा खर्च करायला तयार नव्हतं. तेव्हा सर जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी अवाबाई यांनी स्वतःजवळचे दीड लाखांहून अधिक रुपये दिले. अट एकच होती, सरकारनं या रस्त्यावर टोल घ्यायचा नाही. १८४५ साली रस्ता खुला झाला. ज्या पारशी समाजाची माणसं आज शहरात मूठभर, त्यातल्या एका बाईनं कोळी, भंडारी, ख्रिस्ती, मुसलमान, ब्राह्मण अशा सगळ्यांसाठी समुद्रावर रस्ता बांधून दिला. कुणाचा तरी तांडा, कुणाची तरी वस्ती पावसाळ्यात नदीपलीकडं तुटून पडते हे आपण दरवर्षी बघतो. अवाबाईंचं नाव बीडच्या शाळांत सांगितलं पाहिजे.

कॉजवे ओलांडला की वांद्रे, आणि टेकडीवर माउंट मेरी. सप्टेंबरात ८ तारखेच्या सणानंतर आठवडाभर इथं जत्रा भरते. वाटेवरच्या दुकानांत मेणाचे हात, पाय, घरं, बाळं विकायला असतात. ज्याचा पाय दुखतो तो मेणाचा पाय वाहतो, ज्याला घर हवं तो मेणाचं घर. आपल्याकडं देवाला चांदीचे डोळे, पाळणे वाहतात तेच हे. इथले जुने रहिवासी ईस्ट इंडियन ख्रिस्ती. त्यांची घरातली बोली मराठी. त्यांच्या लग्नात हळदीची, पाणी आणण्याची गाणी म्हटली जातात, आणि वर्षभराचा मसाला उन्हाळ्यात कुटून काळ्या-हिरव्या बाटल्यांत भरून ठेवतात. काळ्या मसाल्यावाचून ज्यांचं कालवण होत नाही, त्या आमच्या बायकांना या बाटल्यांसमोर बसवलं तर दुपार पुरणार नाही.

कॉजवेच्या अलीकडची मुंबई सात बेटांवर उभी राहिली. कुलाबा, छोटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. पोर्तुगीजांनी १६६१ला राजकन्येच्या लग्नात ती इंग्लंडच्या राजाला आंदण दिली आणि राजानं १६६८ला वर्षाला दहा पौंड भाड्यानं कंपनीला देऊन टाकली. मग भर घालून, बांध घालून बेटं जोडत गेले. ते काम कोणी केलं? त्यात निजामाच्या मुलखातून, तेलंगणातून आलेले कामाठी होते. कामाठीपुरा हे नाव आज वेगळ्या कारणानं घेतलं जातं, पण ती वस्ती मुळात बांधकामावरच्या मजुरांची. एकेकाळी आपण ज्या संस्थानात होतो, तिथल्याच माणसांनी डोक्यावर पाट्या वाहून ही मुंबई बांधली.

बेने इस्राएल ज्यू तर आपल्याला आपल्या बोलीनं जिंकतात. शतकानुशतकं कोकणात तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनवार तेली म्हटले जाणारे हे लोक. आडनावं दिवेकर, पेणकर, रोहेकर. त्यांच्यातल्या सॅम्युएल एझेकिएल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं. मशीद बंदरच्या गर्दीत ते अजून उभं आहे. यांनी आपल्या धर्मातल्या कथांवर मराठीत कीर्तनं केली. आता बहुतेक इस्राएलला गेले, पण तिथंही पुरणपोळी करतात आणि मराठीत बोलतात.

समुद्र जवळून बघायचा तर पहाटे ससून डॉक गाठावा. कुलाब्याच्या अंगाला असलेली ही गोदी १८७५ची, बगदादी ज्यू ससून घराण्यानं बांधलेली. पहाटे पाचच्या आत पोचलं तर बोटी लागलेल्या दिसतात. माशांच्या पाट्या हातोहात वर येतात, फरशीवर ओतल्या जातात. बोंबील, मांदेली, कोलंबी, सुरमई, पापलेट यांचे वेगवेगळे ढीग, मधून बर्फ फोडणाऱ्यांचे आवाज, आणि पाट्या डोक्यावर घेऊन ‘बाजू, बाजू’ करत धावणारी माणसं. कोळणी ढिगाभोवती गोल करून उभ्या राहतात. लिलाव इतक्या झपाट्यात होतो की मोंढ्यात कापसाचा, तुरीचा सौदा बघितलेल्या माणसालाही आधी काही उमगत नाही. मान हलली, सौदा झाला, पाटी उचलली. कपड्यांना वास लागतो, पायाला निसरडं लागतं. जाड तळव्याची चप्पल घालून जावं, मधे उभं राहू नये, आणि फोटो काढायच्या आधी विचारावं. माळकऱ्यांनी ठरवून जावं, पण जावं. कोलंबी सोलत बसलेल्या बायकांच्या ओळीत मला लमाणी बोली ऐकू आली. गेवराईकडच्या तांड्यांवर ऐकतो तीच.

तिथं एका बोटीवरच्या खलाशाशी बोलत बसलो. तो सांगत होता, हंगामाच्या सुरुवातीला नाखवा, म्हणजे बोटीचा मालक, उचल देतो, मग हंगामभर बोटीवर. तांडेल, म्हणजे बोटीवरचा म्होरक्या, सांगेल तिथं जाळं टाकायचं, दहा-बारा दिवस जमिनीचं तोंड बघायचं नाही, मासळी मिळाली तर हिशेब बरा, नाही मिळाली तर उचल अंगावर राहते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा गावी. मी ऐकतच राहिलो. मुकादमाकडून कोयत्यामागं उचल घेऊन कारखान्याला जाणारी आमची जोडपी, फड संपला तरी फिटता न फिटणारं देणं, पावसाळ्यात गावी परतणं, सगळं तेच. त्याला मी ऊसतोडीचं सांगितलं. त्यानं एकच विचारलं, "लेकरं बरोबर नेतात का?" हो म्हटल्यावर तो म्हणाला, "आमची तेवढी तरी घरी राहतात." समुद्रावरच्या माणसाला आपली कीव यावी आणि आपल्याला त्याची, अशी ती पहाट होती.

वरळी कोळीवाड्यातही असंच मोकळं बोलणं होतं. मुंबईच्या मूळच्या रहिवाशांची ही वस्ती, अरुंद गल्ल्या, दारात वाळत घातलेली जाळी, टोकाला किल्ला. किनारी रस्त्याचा पूल त्यांच्या बोटींच्या वाटेवरूनच जाणार होता आणि दोन खांबांमधलं अंतर साठ मीटर ठेवलं होतं. लाटेत तेवढ्या जागेतून बोट काढणं धोक्याचं, असं कोळ्यांनी सांगितलं, काम अडवलं, आणि अखेर सरकारनं ते अंतर एकशेवीस मीटर केलं. बोट कशी वळते हे ज्याला रोज अनुभवावं लागतं त्याचं म्हणणं आधीच ऐकलं असतं तर बरं झालं असतं. धरणात जमिनी गेलेल्या माजलगावच्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

भरती-ओहोटीचं गणित मात्र आपल्या माणसाला चटकन जमेल, कारण ते तिथीवर चालतं. कोकणातला जुना हिशेब असा: तिथीला पाऊणनं गुणावं, जो आकडा येईल तितक्या वाजता साधारण पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. एकादशीला सव्वाआठ. अमावास्या-पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. रोज भरती पाऊण तासाच्या आसपास पुढं सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमाराला कमी, तो भांग. हिशेब अंदाजाचा आहे, अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो, पण भिंतीवरच्या कॅलेंडरवर बीडमध्ये बसून मुंबईचा समुद्र कधी कुठं असेल ते सांगता येतं. पेरणीला नक्षत्र बघणाऱ्या आमच्या वडीलधाऱ्यांनी हे ऐकल्याबरोबर पुढच्या आठवड्याच्या भरत्या काढून दाखवल्या.

हा हिशेब हाजीअलीला फार उपयोगी पडतो. पीर हाजीअली शाह बुखारी यांचा दर्गा किनाऱ्यापासून आत, समुद्रातल्या खडकावर आहे. तिकडं जाणारी पायवाट सखल. मोठ्या भरतीला ती पाण्याखाली जाते आणि दर्गा एकटा उरतो. पाणी उतरलं की दोन्ही बाजूंच्या खडकांवर शेवाळ चमकतं आणि माणसांची रांग परत सुरू होते. समुद्र कधी वाट देईल, कधी नाही, हे अल्लाच्या इच्छेसारखंच मानून लोक किनाऱ्यावर थांबतात. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयानं बायकांना मजारीपर्यंत जाऊ देण्याचा निकाल दिला. मी गेलो त्या दिवशी बीडच्या पेठेतल्या बोलीत, दखनी वळणानं बोलणारं एक कुटुंब तिथं कव्वाली ऐकत बसलं होतं. गाववाले म्हटल्यावर त्यांनी डबा उघडला.

गिरगाव, मरीन ड्राइव्ह, जुहू यांच्याबद्दल सिनेमानं इतकं दाखवलं आहे की मी थोडक्यात सांगतो. गिरगाव चौपाटीवर १ ऑगस्ट १९२०ला लोकमान्यांना निरोप दिला गेला आणि तिथं त्यांचा पुतळा आहे. अनंत चतुर्दशीला मोठे गणपती इथंच विसर्जनाला येतात. मरीन ड्राइव्हवरच्या गोलसर कोपऱ्यांच्या इमारती नीट बघाव्यात, त्या २०१८पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत. जुहूच्या विमानतळावर १५ ऑक्टोबर १९३२ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले. वर्सोव्याला मात्र थांबावं. तिथला किनारा कचऱ्यानं गाडला गेला होता. २०१५च्या ऑक्टोबरात अफरोज शाह या वकिलानं शेजाऱ्याला घेऊन तो उचलायला सुरुवात केली, माणसं जमत गेली, आणि २०१८ला तिथं ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं वाळूतून समुद्राकडं जाताना दिसली. बिंदुसरेच्या पात्रात आज जे टाकलं जातं ते बघणाऱ्यानं वर्सोवा बघून यावा.

उणं सांगितलंच पाहिजे. मुंबईचा समुद्र स्वच्छ नाही. शहराचं सांडपाणी त्यात जातं, पावसाळ्यात लाटा प्लास्टिक परत आणून टाकतात. गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नये, आणि घरी येऊन पाय धुवावेत. दरवर्षी आक्सा, जुहू अशा किनाऱ्यांवर तरुण पोरं बुडतात आणि त्यांतली बरीच बाहेरगावची असतात, कारण विहिरीत पोहणाऱ्याला वाटतं की पाणी म्हणजे पाणी. विहीर ओढत नाही, समुद्र ओढतो. जीवरक्षक नको म्हणाला तर नको. गणपतीच्या दिवसांत पाकट माशाचा काटा लागतो, तेव्हा अनवाणी उतरू नये. हवा दमट असते, डिसेंबरातही थंडी म्हणावी अशी थंडी नसते, घाम वाळत नाही. बालाघाटाच्या कोरड्या हवेतून गेलेल्या माणसाला पहिला दिवस जड जातो. पाणी पीत राहावं.

खर्चाचं म्हणाल तर समुद्राला तिकीट नाही. बीड ते मुंबई सुमारे चारशे किलोमीटर. एसटीत मार्च २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत, म्हणजे घरातल्या ज्या दोन माणसांनी समुद्र पाहिलेला नसतो, त्यांनाच सगळ्यात स्वस्त. १७ सप्टेंबर २०२५ला बीड शहराला पहिली प्रवासी रेल्वे मिळाली. तिची मागणी करण्यात कित्येकांची हयात गेली. ही गाडी अहिल्यानगरपर्यंतच जाते, पण तिथून पुढं मुंबईकडच्या गाड्या आहेत. गेवराईजवळ पाडळशिंगीवरून जो महामार्ग जातो तोच माळशेज उतरून कल्याणला पोचतो. बहुतेक घरांचं कुणी ना कुणी कल्याण, पनवेल, कामोठ्याला आहेच. आपल्या बागांतलं सीताफळ, ज्याला २०१६ला भौगोलिक मानांकन मिळालं, दर दिवाळीला मुंबईच्या बाजारात जाऊन येतं. सोबत एक पाटी न्यावी. ज्यांच्याकडं उतराल त्यांना बरं वाटेल.

मला खरी चिंता शाळांची वाटते. आमच्या जिल्ह्यातल्या सहली वेरूळ, दौलताबाद, पैठण, शिर्डी एवढ्यांतच फिरतात. भूगोलाच्या पुस्तकात भरती-ओहोटी, खाडी, बेट, बंदर असतं आणि पोरं ते पाठ करून मार्क मिळवतात. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची पोरं तर फडातून परत येतात तेव्हा सहलीचे दिवसच निघून गेलेले असतात. त्यांच्यासाठी दिवाळीआधीची सहल ठेवता येईल, पाऊस सरला की लगेच. एसटी शालेय सहलींना निम्मी सवलत देते. एका दिवसात चैत्यभूमी, माहीम, वांद्रे पायी होतं. दुसऱ्या दिवशी ओहोटीची वेळ धरून हाजीअली, गिरगाव आणि दुपारनंतर परतीची गाडी. पोरांनी त्यात काय काय बघितलं असेल ते वर सांगितलंच आहे.

मुख्याध्यापक मंडळींना आणि शाळा समितीतल्या पालकांना म्हणून माझी विनंती आहे. यंदा सहलीच्या परवानगीचा अर्ज भराल तेव्हा ठिकाणाच्या रकान्यात दादर चौपाटी लिहा, आणि तारीख ठरवण्याआधी कॅलेंडरमध्ये तिथी बघून घ्या.